केप बफेलोचा ‘ओल्ड बुल’ : बॉस कडक झाला म्हणजे म्हातारा झाला असं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: झिंबाब्वेत झांबेझी खोऱ्यात दहा दिवसांची केप बफेलोची, म्हणजे आफ्रिकी रानम्हशीची, शिकार ठरली आहे. शिकारीची व्यवस्था करणारा आउटफिटर म्हणतो, ‘हार्ड बॉसचा ओल्ड बुल’ मिळेल, म्हणजे शिंगांची कपाळावरची बैठक कडक झालेला म्हातारा नर. तर ओल्ड म्हणजे किती वर्षांचा, आणि झुडपात उभ्या असलेल्या जनावराचं वय ओळखायचं कसं?

आधी आकडा सांगतो: बारा वर्षं. त्याच्या अलीकडचा नर कितीही राकट दिसला तरी म्हातारा नाही. आकडा मनाने ठरवलेला नाही. नर पाचेक वर्षांचा झाला की वयात येतो, पण कळपातले दांडगे नर त्याला माजावरच्या माद्यांजवळ फिरकू देत नाहीत. त्याची पाळी येते सात-आठ वर्षांचा झाल्यावर, आणि पुढची चार-पाच वर्षं तो त्या कळपाचा खरा वळू असतो. बारा-तेराच्या पुढे तरणे नर त्याला रेटून बाहेर काढतात आणि मग तो परत जात नाही. वळूपण संपलेला नर, एवढीच ‘ओल्ड बुल’ची व्याख्या मी धरतो. जंगलात पंधरा वर्षं ओलांडणारे नर थोडे असतात. सिंह, दुष्काळ आणि झिजलेल्या दाढा तोवर काम उरकतात. म्हणजे तुम्हाला हवा असलेला बुल आयुष्याच्या शेवटच्या तीनेक वर्षांत कुठेतरी असतो.

आता बॉस. दोन्ही शिंगांची बुडं कपाळावर पसरून जी ढालीसारखी बैठक होते ती बॉस. नर तीन वर्षांचा असताना तिथे भरघोस केस असतात आणि शिंगं नुसती बाजूला गेलेली दिसतात. चार-पाचला बुडं फुगायला लागतात, पण त्यांच्या कडा मऊ, फिकट, ओल्या नखासारख्या असतात आणि मधल्या फटीत केसांचा पट्टा ठळक असतो. याला सॉफ्ट बॉस म्हणतात, त्यावर गोळी चालवायची नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. सात-आठच्या सुमारास पुढची कड टणक होते. इथेच फसगत होते. मागची कड, म्हणजे मानेकडची, अजून वाढत असते. समोरून पाहणारा म्हणतो ‘हार्ड’. मागून पाहिलं तर कडेला बोटभर रुंदीची मऊ झालर आणि तिच्यातून डोकावणारे केस. तो आठ वर्षांचा आहे, त्याचं वळूपण आत्ता कुठे सुरू झालंय.

नवव्या वर्षापर्यंत बॉस सगळीकडून कडक होतो. म्हणजे नऊचा, दहाचा, अकराचा नरही ‘हार्ड बॉस’च, आणि तिघेही कळपाला हवे असलेले वळू. आउटफिटरच्या वाक्यात खोटं काही नाही, फक्त ते अर्धं आहे. बॉस कडक असणं ही म्हातारपणाची पहिली अट. ती पुरी झाली की पाहणी संपत नाही, सुरू होते.

बारा ओलांडलेल्याचा बॉस नुसता कडक नसतो, तो वापरलेला असतो. वरचा खडबडीतपणा झिजून गुळगुळीत झालेला, कुठे खपल्या निघालेल्या, कुठे भेगा. मधली फट असली तर तिच्यात केस नाहीत, नुसती उघडी, राखाडी कातडी. काही नरांच्या बॉसची दोन्ही बुडं कधीच एकमेकांना भिडत नाहीत, तेव्हा फट रुंद आहे म्हणून तरुण समजू नका. फटीत केस आहेत की नाहीत ते पाहा. शिंगांची टोकं बोथट, बऱ्याचदा एक दुसऱ्याहून आखूड. झीज फार झाली तर शिंगांचे वळसे जवळजवळ नाहीसे होतात आणि डोक्यावर नुसती टोपी उरते. रग्बीच्या स्क्रममध्ये खेळाडू घालतात त्या टोपीवरून अशा बुलला स्क्रमकॅप म्हणतात. मोजपट्टी लावली तर हाती काही लागत नाही, पण वयाच्या हिशेबात याहून निःशंक जनावर दुसरं नाही.

मोजपट्टीचा विषय निघालाच आहे तर तो उरकून घेऊ. शिंगांचा पसारा, म्हणजे बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंतचं अंतर, साधारण पाच-सहा वर्षांच्या नराचा सगळ्यात जास्त भरतो, कारण टोकं अजून झिजलेली नसतात. रोलंड वॉर्डच्या शिकार-विक्रमांच्या नोंदवहीत पारंपरिक पद्धतीने हाच पसारा मोजला जातो आणि किमान ४२ इंच लागतात. सफारी क्लब इंटरनॅशनल या शिकाऱ्यांच्या संघटनेच्या पद्धतीत एका टोकापासून कपाळावरून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी आणि बॉसच्या दोन्ही बुडांची रुंदी धरतात. त्यातही टोकं झिजली की इंच गेले. म्हणजे मोठा आकडा मागणारा शिकारी नकळत सॉफ्ट बॉसचा पोरसवदा नर मागत असतो. चाळिशीच्या पुढचा पसारा आणि म्हातारपण दोन्ही एकाच डोक्यावर सापडतं, पण क्वचित. कॅम्पात पोचण्याआधी यातलं एक निवडून ठेवा. बुल समोर आल्यावर निवडायला वेळ नसतो.

शिंगं शेवटी पाहायची, हे अंगवळणी पाडून घ्या. माणसाची नजर आधी शिंगांवरच जाते आणि तिथेच अडकते. क्रम असा ठेवा: आधी धड, मग मान, मग तोंड, मग बॉस, सर्वात शेवटी टोकं. धडात बघायचं ते पोट आणि पाठ. म्हाताऱ्याचं पोट लोंबतं, पाठीला बाक येतो, मागचे पुठ्ठे ओसरलेले असतात आणि माकडहाडाशी खड्डा दिसतो. वळूच्या ऐन वयात मान खांद्याइतकी जाड असते, डोकं थेट खांद्यातून निघाल्यासारखं दिसतं. म्हाताऱ्याची मान उतरते, गळ्याखालची पोळी सैल लोंबते आणि डोकं धडाच्या मानाने मोठं वाटायला लागतं. ही एक खूण मी बॉसच्या खालोखाल मानतो, कारण ती दीडशे पावलांवरूनही कळते. तोंडावर केस विरळ होऊन कातडी दिसते, डोळ्यांभोवती पांढुरकी वर्तुळं येतात, चष्मा घातल्यासारखी. कान फाटून झिरमिळ्या झालेले. अंगावरचे केस गेलेले, मागच्या भागावर तर राखाडी, सुरकुतलेली कातडीच.

यातली एकही खूण एकटी पुरत नाही. फाटके कान सिंहांच्या झटापटीतून सहा वर्षांच्या नरालाही येतात, तुटकी शेपटीही तशीच. एक शिंग तरुणपणीच मोडलं असेल तर बोथट टोक काहीच सांगत नाही. म्हणून दोन्ही टोकं पाहायची आणि झीज दोन्हीकडे आहे का ते बघायचं. अंगावरचे केस उन्हाने, खरजेनेही जातात. हडकणं ही तर सगळ्यात फसवी खूण. ऑगस्ट ते ऑक्टोबरात, पाऊस पडायच्या आधी, गवत सुकून काडी झालेलं असतं आणि कळपातल्या प्रत्येक जनावराची हाडं दिसतात. त्याच महिन्यांत शिकारीचा हंगाम जोरात असतो. तेव्हा ‘हा किती हडकलाय’ असं न म्हणता ‘शेजारच्या नरांपेक्षा हा किती हडकलाय’ असं विचारा. क्षयही अशीच हाडं काढतो. दक्षिण आफ्रिकेच्या क्रुगर उद्यानातल्या बफेलोंमध्ये गुरांचा क्षय १९९० मध्ये उघड झाला; त्या पट्ट्यातला खंगलेला, खोकणारा नर सात वर्षांचाही असू शकतो.

चिखल दोन्ही बाजूंनी फसवतो. नुकताच लोळून आलेल्या नराच्या मऊ बॉसवर चिखलाचा थर वाळला की तो टणक, भेगाळलेला दिसतो आणि फटीतले केसही झाकले जातात. उलट ओला, काळाभोर, चकाकणारा बॉस कडक असूनही कोवळा भासतो. शंका आली तर मान खाली जाण्याची वाट पाहा. बफेलो नाक वर करून तुमच्याकडे बघतो तेव्हा बॉसचा फक्त पुढचा कठडा दिसतो आणि तो हवा तेवढा मोठा वाटतो. चरायला डोकं खाली घातलं की वरचा माथा आणि मागची कड उघडी पडते. त्या दोन-तीन सेकंदांसाठी दुर्बीण डोळ्यांना लावलेली हवी. आठ किंवा दहा पटीची दुर्बीण पुरते. रायफलच्या स्कोपमधून वय ठरवू नका, कारण स्कोप डोळ्याला लावला की हात ट्रिगरकडे जातो आणि मन आधीच ‘हो’ म्हणून बसतं.

वागणुकीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. कळपाबाहेर दोघे-चौघे नर दिसले की ते ‘डग्गा बॉय’, म्हणजे म्हातारेच, असं सरसकट म्हणतात. डग्गा म्हणजे चिखल. झुलूत चिखलाला उदाका म्हणतात, आणि दक्षिण आफ्रिकेत बांधकामाच्या गाऱ्यालाही डग्गा हाच शब्द आहे. (त्याच उच्चाराजवळचा गांजाचा शब्द वेगळा, त्याचा इथे संबंध नाही.) चिखलात लोळणारे हे नर कळपाबाहेर असतात हे खरं, पण सगळे कायमचे बाहेर नसतात. वळूपणाच्या दिवसांत नर खाणंपिणं सोडून माद्यांमागे असतो, भांडतो, वजन उतरतं. मग तो काही आठवडे-महिने बाजूला येऊन अंग भरून घेतो आणि परत जातो. बफेलोचा गाभणकाळ साधारण अकरा महिन्यांचा आणि वासरं मुख्यतः पावसाळ्यात होतात, म्हणजे माज आणि मारामाऱ्याही त्याच सुमारास. कोरड्या हंगामात, तुम्ही जाता तेव्हा, नऊ-दहा वर्षांचे वळू नेमके सुट्टीवर असतात. चौघांच्या टोळीत एखादा म्हातारा आणि तीन वळू, असं चित्र अगदी नेहमीचं.

खरा म्हातारा जागा धरून राहतो. दाढा गेल्यामुळे त्याला ताठ, वाळकं गवत चावत नाही. तो नदीकाठच्या, वेळूच्या, सावलीतल्या मऊ गवताजवळ, पाण्यापासून थोड्या अंतरावर राहतो आणि रोज त्याच वाटेने ये-जा करतो. म्हणून वाट काढणारा चांगला ट्रॅकर पहाटे पाणवठ्यावर खुरं वाचतो तेव्हा आकार पाहतोच, पण कडाही पाहतो. बफेलोचं पुढचं खूर मागच्याहून मोठं असतं. तरुण नराच्या खुरांची टोकं ठशात टोकदार उमटतात, म्हाताऱ्याची गोल, घासलेली, आणि पाय ओढल्याची रेघ मागे राहते. शेणही सांगतं. कळपातल्या जनावराची पो मऊ, एकजीव असते. दाढा झिजलेल्याच्या शेणात न चावलेल्या गवताच्या लांब काड्या दिसतात. काठीने पो उकरून काड्या बोटांत धरून बघण्यात काही कमीपणा नाही, ट्रॅकर रोज तेच करतात.

जवळ जाताना तांबड्या चोचीचे ऑक्सपेकर पक्षी पाठीवर असले तर ते आधी उडतील आणि बुल डोकं वर करेल. तेव्हा दिसणारा ‘भलामोठा बॉस’ धरून निर्णय घेऊ नका, वर सांगितलं तेच कारण.

आता दातांकडे येऊ, कारण शेवटचा निकाल तिथेच लागतो. आपल्याकडे बैलबाजारात आदत, दुसा, चौसा, सहादाती आणि मग जुळलेला, अशी भाषा आहे. केप बफेलोचंही तसंच: वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खालच्यात आठ, आणि ते पाचव्या वर्षाच्या सुमारास पुरे होतात. जुळलेल्या बैलाचं पुढचं वय जसं व्यापारी दातांवरून सांगू शकत नाही तसंच इथेही. पाचनंतर पुढचे दात मोजून उपयोग नाही. दाढा पाहायच्या.

खालच्या जबड्याच्या एका बाजूला सहा दाढा असतात: तीन उपदाढा, मग तीन मोठ्या दाढा. पुढून चौथी, म्हणजे पहिली मोठी दाढ, ही या सहांत सर्वात जुनी. जनावर वर्षाचं असतानाच ती येते. तिच्या पुढच्या उपदाढा नंतर बदलून नव्या येतात, मागच्या दोन्ही उशिरा येतात. म्हणून झीज आधी चौथीवर दिसते. तरुण जबड्यात तिच्या माथ्यावर दोन चंद्रकोरींच्या आकाराच्या काळसर खोबणी असतात. वय वाढतं तशा त्या अरुंद होतात आणि अकरा-बाराच्या पुढे पुसल्या जातात. दाढेची नुसती तपकिरी, खोलगट बशी उरते. जबडा बाजूने धरला तर रांगेत चौथ्या जागी बाक दिसतो. चौदा-पंधराच्या नरात ती हिरडीच्या पातळीला आलेली, कधी दोन मुळांचे सुटे खुंट झालेली असते. असा जबडा हातात आला की वाद संपतो. रेताड भागात गवताबरोबर वाळू जाते आणि दाढा लवकर झिजतात, म्हणून एका भागातले जबडे दुसऱ्या भागातल्या जबड्यांशी जुळवू नका.

त्याहून नेमकं हवं असेल तर तीच दाढ उभी चिरून, घासून, भिंगाखाली बघतात. मुळांच्या बेचक्यात जो सिमेंटमचा थर साचतो त्यात वर्षागणिक गडद-फिकट रेषा पडतात, झाडाच्या वलयांसारख्या. त्या मोजायच्या आणि दाढ येण्याआधीचं एक वर्ष मिळवायचं. त्यासाठी स्किनरला, म्हणजे कातडी सोलणाऱ्याला, आधीच सांगा की खालचा जबडा टाकायचा नाही. तो पाण्यात ठेवून मांस सुटू द्यायचं, ब्लीच लावायचं नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर कोट्यासाठी. ट्रॉफीसाठी, म्हणजे शिंगं-डोकं ठेवून घेण्यासाठी, बफेलोचा कोटा बऱ्याच ठिकाणी एकूण संख्येच्या २ टक्क्यांच्या आसपास धरतात. हजार बफेलोंच्या भागात म्हणजे वर्षाला २० नर. ते वीस बारा वर्षांवरचे असतील तर कळपाला पत्ता लागत नाही. त्यांचं काम झालेलं असतं आणि त्यातले बरेच पुढच्या दुष्काळात किंवा सिंहांना गेलेच असते. तेच वीस आठ-नऊ वर्षांचे असतील तर दोन नुकसानं एकदम होतात. कळपातले वळू कमी होऊन पोरसवदा नरांची हाणामारी वाढते, आणि चार वर्षांनी जे बारा वर्षांचे व्हायचे ते अस्तित्वातच नसतात. मग आउटफिटर म्हणतो आमच्याकडे म्हातारे बुल मिळत नाहीत, वय खाली आणू, आणि चक्र आणखी एक फेरा घेतं. ज्या भागात दरवर्षी म्हातारे मिळतात तिथे मधल्या वयाचे सोडले जातात, एवढंच त्यामागचं कसब.

दक्षिण आफ्रिकेतल्या कुंपणातल्या फार्मवरचा हिशेब निराळा. तिथे जन्मतारीख नोंदलेली असते, कानाला टॅग असतो, खुराक मिळतो आणि शिंगांसाठी निवडून पैदास झालेली असते. तिथल्या बुलवरून डोळा तयार केला तर झांबेझी खोऱ्यात तो चुकेल, कारण फार्मवरच्या बारा वर्षांच्या बुलइतकं भरलेलं अंग जंगलात क्वचितच दिसतं.

राधानगरी-दाजीपूरला गवा पाहिलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: गव्याचा अंदाज इथे लागू पडत नाही. गव्याला बॉस नसतोच. त्याचं वय रंग, वशिंडासारखा उंचवटा आणि शिंगांच्या बुडाशी पडणाऱ्या वळ्यांवरून पाहतात, आणि १९७२ च्या कायद्यापासून ते फक्त निरीक्षणासाठी. आपला रेडाही केप बफेलोच्या जातीचा नाही, दोघांची प्रजातीच (genus) वेगळी आहे.

बुकिंगच्या वेळी ‘किती इंची मिळेल’ असं विचारू नका. गेल्या हंगामातले खालचे जबडे ठेवलेत का, ते विचारा आणि त्यांच्या चौथ्या दाढेचे फोटो मागा. प्रोफेशनल हंटरला, म्हणजे शिकारीवर नेणाऱ्या वाटाड्याला, पहिल्याच संध्याकाळी सांगून ठेवा की बारा वर्षांची खात्री नसेल तर त्याने हात आडवा करावा आणि तुम्ही रुसणार नाही. तो आडवा हात बहुतेकदा दहाव्या दिवशी, संध्याकाळी पाचला, साठ पावलांवर, बोटभर मऊ झालर असलेल्या एका देखण्या बुलसमोर पडतो. टेकूच्या स्टिक्सवरून रायफल उतरवा आणि तो मागे वळेपर्यंत दुर्बिणीतून त्याची मागची कड पाहून घ्या.